अडतीसपैकी छत्तीस

सोमवार, ५ फेब्रुवारी

जुळारीकाका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

बाबांना सात चुलतभाऊ, आणि त्यांतल्या एकालाही मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. हे तुम्ही बोलून दाखवणारच, म्हणून आधीच कबूल करून टाकते. फोन केला असता, पण छापखान्याच्या यंत्रांनी तुमचे कान खाल्ले, आणि काकूंकडे दिलेला निरोप तुमच्यापर्यंत पोचेतो त्याचा निबंध होतो.

तर बातमी! पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागून मला वर्ष झालं. इतके दिवस बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होते. आता मोठ्या बाईंनी पहिलं खरं काम दिलंय, आणि ते नेमकं तुमच्या गावाचं आहे. गावात दहा विभागांत मिळून अडतीस सार्वजनिक नळ. प्रत्येकाच्या पाण्यात शिसं किती, हे आम्ही वर्षभर दर महिन्याला मोजलं. ते आकडे वहीत झोपून आहेत. मी प्रत्येक नळाचा एक आलेख काढायचा: खाली महिने, बाजूला शिसं, वर मर्यादेची लाल रेघ. डोक्यावर नळाचं नाव, तेही आपल्या अक्षरांत, म्हणजे नळावर हंडा लावणाऱ्या कुणालाही कळेल. बाई म्हणाल्या, "इंग्रजीत काढ नि मोकळी हो." मी म्हटलं, "मग ते वाचणार कोण, आपण दोघी?"

आलेख मी कॉम्प्युटरवर चार ओळींची आज्ञावली लिहून काढते. पडद्यावर रेघा सुरेख आल्या. कागदावर उतरवल्या, तर सोबतचा नमुना बघा! जिथं नाव हवं तिथं चौकोन. चौकोनामागं चौकोन. माझी वहीच नासली की काय?

हे कागद तुमच्या वाचनालयाच्या भिंतीवर लागायचे आहेत आणि ते तपासून लावायला तुमच्यासारखा माणूस नाही. आमची जीप सोमवार-गुरुवार तुमच्याकडे बाटल्या आणायला येते. ड्रायव्हरदादा पत्रं नेतील-आणतील. लागाल ना कामाला?

तुमची
भिंगरी


गुरुवार, ८ फेब्रुवारी

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. सात भावांतून माझी आठवण झाली ती चौकोनांमुळे, हे लक्षात ठेवीन.

तुझा कागद बघून मी इतका हसलो की काकूनं येऊन माझ्या पाटीवर लिहिलं, "काय झालं?" अगं, हे चौकोन मी चाळीस वर्षं ओळखतो. आम्ही छापखान्यात हातानं खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवायचो तेव्हा एखाद्या अक्षराचे खिळे संपले, तर जागा रिकामी सोडायची नाही, दुसरा कुठलाही खिळा उलटा घालून ठेवायचा. कच्च्या छपाईत तिथं काळा ठोकळा उमटायचा. मुद्रितशोधकाला कळायचं, इथं अक्षर यायचंय. मजकूर चुकलेला नसायचा, खिळा नसायचा.

तुझी वही नासलेली नाही. तुझ्या यंत्राच्या पेटीत आपला खिळाच नाही, आणि ते प्रामाणिकपणे उलटा खिळा लावून सांगतंय. त्याला खिळे दे.

अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन भिकार आहे.

जुळारीकाका


सोमवार, १२ फेब्रुवारी

काका, काका, काका!

खिळाच नव्हता! तुमचं पत्र वाचलं आणि धावत जाऊन बघितलं. आलेख काढणारं ते साधन स्वतःचा एक ठरलेला फॉन्ट घेऊन येतं, आणि त्या फॉन्टात आपलं एकही अक्षर नाही. तीन दिवस मी आकड्यांची वही उलटसुलट करत होते. आता त्याला आपल्या अक्षरांचा फॉन्ट नेमून दिला, आणि चौकोन गेले! मी खुर्चीवरून अशी उठले की शेजारच्या टेबलावरच्या रसायनवाल्यांची परीक्षानळी सांडली. हे रसायनवाले मोठे हुशार, पण स्वभावानं आंबलेले. म्हणाले, "लॉटरी लागली का?" म्हटलं, "त्याहून मोठं. 'ळ' आला!"

पण आनंद घटकाभराचा. नमुना पाठवतेय. "विभाग" बघा: 'व' बिचारा पुढं उघडा उभा आणि त्याची वेलांटी मागून धावत येतेय. "दवाखान्याचा" मधला 'न्या' तर तुटलाच आहे, अर्ध्या 'न'चा पाय मोडून खाली लोंबतोय. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढ्यानं काय होतंय, समजतं की." मला नाही पटलं. चुकीच्या अक्षरांतला कागद लोक खरा मानतील का?

तुम्हीच सांगा.

आणि काका, पेनचा दोष नाही. तुमचं अक्षर थरथरलंय. थंडीत बाहेर बसून लिहिता ना? मी लोकरीचे हातमोजे पाठवतेय, बोटं उघडी राहतील असे. नाही म्हणू नका.

भिंगरी


गुरुवार, १५ फेब्रुवारी

भिंगरे,

हातमोजे पोचले. काकूनं घातलेत.

नमुन्यावर लाल शाईनं खुणा केल्यात, सतरा चुका आहेत. तुझ्या बाईंना सांग, "समजतं की" म्हणणाऱ्या मालकाचा छापखाना दोन वर्षांत बंद पडतो.

आता नीट वाच. बोलताना आपण आधी 'व' म्हणतो, मग 'इ'. जुळवताना मात्र वेलांटी आधी बसते. तुझं यंत्र बोलल्या क्रमानं खिळे ओळीत टाकतंय. त्याच्याकडे खिळे आले, जुळारी आला नाही. अक्षराला अक्षर कसं जोडायचं हे जाणणारा कुणी तरी त्या डब्यात असेलच. तुम्ही लोक रोज त्यावर आपल्या भाषेत बातम्या वाचता, तिथं वेलांट्या जागेवर असतात ना? मग ते काम तिथं कोण करतं? त्याला धर.

दुसरी गोष्ट. थंडी नाही, भिंगरे. पेनवर ढकललं ते खोटं. खिळे शिशाचे असतात. चाळीस वर्षं ती बोटं शिशात होती. माझ्या शेजारी एक डावखुरा जुळारी बसायचा, आम्ही त्याला डावरा म्हणायचो. माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं जुळवायचा आणि तसाच, हात न धुता, डबा खायचा. आधी पोटात कळा यायला लागल्या. मग हिरड्यांवर निळसर रेघ आली. मग मनगट लुळं पडलं. शेवटी त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवेना. बेचाळिसाव्या वर्षी गेला. माझं फक्त थरथरण्यावर निभावलं, कारण काकू मला साबण लावल्याशिवाय ताटाला हात लावू द्यायची नाही.

हे तुझ्या बाबालाही ठाऊक नाही. तुला सांगितलं, कारण तुझ्या कागदांवरची रेघ शिशाची आहे. वेलांटीपायी मी तुला छळीन, पण ती रेघ मला वेलांटीहून मोठी आहे. सगळे कागद आले की मी एकेक मोजून घेईन.

जुळारीकाका


सोमवार, १९ फेब्रुवारी

काका,

पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना उठून हात धुऊन आले. भेटल्यावर तुमच्याशेजारी नुसती बसेन.

आणि जिंकलो! पूर्ण जिंकलो!

जुळारी सापडला. ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण बातम्या वाचतो ते. त्याला जोडाक्षरं येतात. आलेखाचं साधन अक्षरांची चित्रं काढत बसायचं, तिथंच घोळ होता. आता मी त्याला सांगितलं, तू रेघा काढ, अक्षरांना हात लावू नकोस, ती अक्षरं म्हणूनच फाइलमध्ये ठेव. ती फाइल ब्राउझरनं उघडली आणि वेलांटी टुण्णकन उडी मारून 'व'च्या पुढं! 'न्या' असा जुळला जसा कधी तुटलाच नव्हता. मी ओरडले. रसायनवाल्यांनी आज परीक्षानळी आधीच धरून ठेवली होती.

शेवटी एक अडथळा आला होता. प्रत्येक आलेख त्या त्या नळाच्या नावानं सेव्ह करायचा, तर ऑफिसचं जुनं मशीन अडून बसलं, "नावातली अक्षरं मला लिहिता येत नाहीत." पहिल्याच आलेखाला थांबलं. रसायनवाल्यांनी एक ओळ लिहून दिली: जे अक्षर इंग्रजी नाही, त्याच्या जागी आडवी रेघ टाक. विभागाचा आकडा तेवढा राहतो. फाइलचं नाव विचित्र दिसतं, पण ते कोण बघतंय? कागदावरचं नाव शुद्ध आहे. मशीन सुरसुर चाललं, एकदाही कुरकुरलं नाही.

सगळा गठ्ठा आणि नळांची यादी सोबत आहे. सगळ्या रेघा लाल रेघेच्या बऱ्याच खाली आहेत, काळजी नको. गुरुवारी दुपारनंतर भिंतीवर लावा. गावाला सांगा, तुमचं पाणी चांगलं आहे!

भिंगरी


गुरुवार, २२ फेब्रुवारी, सकाळ

भिंगरे,

कागद बघितले. डोळे निवले. एक चूक सापडली नाही, आणि मी शोधली नाही असं नाही.

पण यादीत अडतीस नावं आणि कागद छत्तीस. मी तीनदा मोजले. मग विभागवार गठ्ठे केले. बाकी नऊ विभाग बरोबर आहेत. चौथ्यात पाच हवेत, तीन आहेत. शाळेचा नळ नाही. बागेचा नळ नाही.

वाचनालयात मी हे करत असताना शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांनी पाटी ओढून लिहिलं, "आमचा कुठाय?" मी लिहिलं, "येतोय." त्यांनी लिहिलं, "दोनशे दहा मुलं आहेत, काका."

जीपच्या उघड्या मागच्या बाजूनं उडाले असणार. मी ड्रायव्हरला तसं बोललो. तो रुसलाय. तू त्याची समजूत काढ, पण आधी ते दोन कागद पाठव. तोवर मी एकही भिंतीवर लावत नाही. अर्धा मजकूर छापायची माझी रीत नाही.

जुळारीकाका


गुरुवार, २२ फेब्रुवारी, दुपारी पावणेदोन

काका,

हे पत्र घेऊन ड्रायव्हरदादा लगेच उलटे निघताहेत. वाचता वाचता चप्पल घाला.

दादांनी काहीही हरवलेलं नाही. हरवलं मी. तुमचं पत्र वाचून फाइली मोजल्या, त्याही छत्तीसच. शाळेचा नळ, बागेचा नळ, टाकीचा नळ: काने, मात्रा, वेलांट्या सुट्या धरा आणि मधली मोकळी जागा मोजा, प्रत्येकी नऊ. तिन्ही चौथ्या विभागातले. आडव्या रेघा टाकल्यावर तिघांचं नाव एकच झालं: चार, आणि पुढं नऊ रेघा. मशीननं शाळेचा आलेख ठेवला, त्याच नावानं बागेचा आला, शाळेचा पुसला. मग टाकीचा आला, बागेचा पुसला. एकदाही कुरकुरलं नाही म्हणून मी कौतुक केलं होतं ना? त्यानं ओरडायला हवं होतं.

आता मशीनला आपली अक्षरं लिहायला शिकवलंय. ती एक सेटिंग होती, काका, एक ओळ. नावं जशीच्या तशी राहतात, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते थांबतं. दोन्ही कागद सोबत आहेत.

बागेचा चांगला आहे.

शाळेचा बघा. ऑक्टोबरपर्यंत रेघ खाली आहे. नोव्हेंबरपासून ती लाल रेघेच्या वर गेलीय. जानेवारीत चौपट.

आकडे आमच्याच वहीत होते. मी ते चौकोन आणि वेलांट्या बघत होते, रेघ बघितली नाही.

शाळेत फोन केला, कुणी उचलत नाही. काकूंचा लागत नाही. नगरपालिकेचे पाणी अभियंते म्हणाले, "लेखी आदेश आल्यावर बघू." आमच्या मोठ्या बाई आदेश लिहिताहेत, त्यावर वरची सही हवी, ती उद्या होईल. मुलं पाच वाजता खेळून नळावर येतात.

काका, तो नळ बंद करा. कसाही.

भिंगरी


शुक्रवार, २३ फेब्रुवारी

भिंगरे,

नळ बंद आहे. आधी तेवढं वाच आणि श्वास घे.

जीप दारात आली तेव्हा सव्वातीन झाले होते. ड्रायव्हर माझ्याशी बोलत नव्हता, तरी त्यानं मला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. शाळेत पोचेतो मी पत्र दुसऱ्यांदा वाचून संपवलं होतं. मुख्याध्यापिकाबाई वर्गावर होत्या. मी थेट वर्गात शिरलो. अख्खा वर्ग उठून उभा राहिला. मी शाळेचा कागद त्यांच्यापुढं धरला.

मला वाटलं, आता पाटीवर लिहून समजवावं लागेल. शिसं म्हणजे काय, आलेख म्हणजे काय, डावऱ्याचं काय झालं. मी खिशातून खडू काढला. त्यांनी वरचं नाव वाचलं, "शाळेचा नळ". बोट लाल रेघेवरून फिरवलं, मग निळ्या रेघेवरून, नोव्हेंबरपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. माझ्याकडे बघून त्या काही बोलल्या. ओठांवरून मला वाटलं, त्या म्हणाल्या, "दिवाळखोर कारभार! दिवाळीआधी पाइप जोडून गेले ते हेच." नाही, नाही, ड्रायव्हर रात्री इथंच राहिला, तो हे वाचून म्हणतोय मी चूक लिहिलं. त्या म्हणाल्या, "चार महिने! पाइप फुटला म्हणून खड्डा खणला आणि जुन्या पाइपाला जोडून गेले, तेव्हापासून." असो. कान नाहीत त्याचं असंच होतं.

शिपायानं विचारलं, "आदेश आहे का? नळ सरकारी आहे."

त्यावर बाईंनी काय म्हटलं ते मात्र ड्रायव्हरनं मला दोनदा लिहून दाखवलं: "मला वाचता येतं. आदेश कशाला?"

आणि त्या स्वतः मैदानात गेल्या, झडपेच्या खड्ड्यात उतरल्या, साडीचा काठ चिखलात. झडप गंजलेली. त्यांनी, मी आणि ड्रायव्हरनं मिळून चाक फिरवलं. तिघांनी जोर लावला आणि ते फिरलं! शेवटचा थेंब पडून नळ थांबला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला मुलं आली तेव्हा दारात पाण्याचा टँकर उभा होता. तो बाईंनी कुणाला झापून मागवला हे मला ठाऊक नाही.

ड्रायव्हरची मी माफी मागितली. त्यानं पाटीवर लिहिलं, हे कागद उडून गेले असते तर बरं झालं असतं, निदान दोष वाऱ्याचा ठरला असता.

तुला काय झालंय ते सांग. पत्र तुटक होतं. तू काही तरी लपवतेस.

जुळारीकाका


सोमवार, २६ फेब्रुवारी

काका,

चार वाजून वीस! ते वाक्य मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं आणि आम्ही सगळे ओरडलो. रसायनवाल्यांनी स्वतःहून परीक्षानळी खाली ठेवली आणि तोंड फिरवून चष्मा पुसला. ती ओळ त्यांनी दिली होती ना.

हो, लपवलं होतं. मागच्या सोमवारी गठ्ठा पाठवतानाच मी रजिस्टरात "अडतीस पत्रके तयार, तपासली" असं लिहून सही केली होती. मोजली नव्हती. तुम्हाला ते लिहायची लाज वाटली. गुरुवारी ड्रायव्हरदादा निघाल्यावर मी रजिस्टर घेऊन बाईंपुढं उभी राहिले. म्हटलं, "ही सही खोटी आहे."

बाईंनी आकड्यांची वही उघडून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाल्या, "वहीत तो आकडा चार महिने आहे. प्रत्येक महिन्याखाली माझी सही आहे. बैस." आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या ओळीखाली लिहिलं, "छत्तीस. दोन चुकून गहाळ. शोध लागला." मग त्याखाली आधी त्यांची सही, नंतर माझी.

बाकीच्या गावांचेही आलेख आता आपल्याच अक्षरांत निघणार, आणि ते काम माझ्याकडे आलंय. एकोणीस गावं, काका! मला हे वाढवून दिलेलं काम आहे की शिक्षा, बाईंनी सांगितलं नाही. मी नाचत घरी गेले.

शाळेतल्या मुलांची रक्ततपासणी शनिवारी झाली. डॉक्टरांच्या गाडीतून मीही आले होते. तुम्ही भेटला नाहीत, काकू म्हणाल्या, कुणी नळ उघडू नये म्हणून झडपेपाशी पहारा देताय. निकाल तुम्हाला आधी कळेल. मला लगेच लिहा. चांगला असो, वाईट असो.

भिंगरी


गुरुवार, ७ मार्च

भिंगरे,

निकाल आला. दोनशे दहांपैकी दोनशे तीन ठीक. सात मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे. डॉक्टर पाटीवर लिहून म्हणाले, लवकर कळलं, नळ बंद झाला, बहुतेकांचं आपोआप उतरेल. दोघांना औषध लागेल. त्या दोघांच्या आया शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांना डावऱ्याची गोष्ट सांगितली नाही. माझा हात दाखवला आणि सांगितलं, चाळीस वर्षं शिशात होतो, अजून चालतोय, तुमची चार महिन्यांतच सुटली. एकीनं माझा हात धरून ठेवला. बराच वेळ.

सोमवारी खणायला आले. अभियंता स्वतः उभा होता, आदेश हातात घेऊन. अर्धं गाव जमलं. पाच फुटांवर जुना पाइप लागला, मातीसारखाच काळा. प्लंबरनं किल्लीनं ओरखडा काढला आणि तो आतून लख्ख चमकला. मी दुरूनच ओळखलं, शिसं. मला कुणाला विचारावं लागलं नाही.

काल नवा पाइप जोडला. तुझ्या बाईंचे लोक आले, पाणी तपासून गेले, आज सकाळी आकडा घेऊन परत आले. मग झडप उघडायची ठरली. मुलं रांगेत उभी. नळ आधी खोकला, मग फुसफुसला असावा, कारण पुढची मुलं मागं सरली. मग पाणी आलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना हातानं थांबवलं. पेला भरला. उन्हात धरून बघितला, जसं त्यात काही दिसणारच होतं. आणि तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातात पेला दिला.

भिंगरे, मग जी झुंबड उडाली! मला आवाज कळत नाही, पण माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती, एवढं सांगतो.

जुळारीकाका